आजऱ्याच्या डोंगरातलं ते एक वळण

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही दोघं आजऱ्याच्या डोंगरात होतो... मी आणि पेठ वडगावचे सलीमभाई, सोबत दोघांच्या फोर बाय फोर गाड्या. काम काही नव्हतं, फक्त कुणाची गाडी भारी हे एकदाचं ठरवायचं होतं.

सलीमभाईंचं गॅरेज आहे. त्यांची गाडी वीस वर्षांची, आखूड आणि हलकी. माझी नवी, लांब, उंच, दणकट इंजिनची, आणि वर मी हौसेनं मोठे रुंद टायर चढवलेले. तेव्हाच ते म्हणाले होते, "मालक, स्टेरिंग पुरतं वळणार न्हाय आता." पण गाडी दिसत होती अशी झकास... ऐकतोय कोण!

हरणाऱ्यानं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा खायला घालायचा, अशी पैज.

ओढ्यातल्या धोंड्यांवरून माझी गाडी आरामात गेली, कारण तिचं पोट जमिनीपासून चांगलंच उंच. त्यांची दोनदा खाली घासली. लाल चिखलाच्या चढावर मात्र त्यांनी टायरमधली हवा थोडी कमी केली आणि सुळकन वर गेले. माझी स्वतःच्याच वजनानं रुतत, चिखल उडवत कशीबशी पोचली. म्हणजे बरोबरी... आणि आम्ही दोघंही ईर्षेला पेटलेले.

चहाला टपरीवर थांबलो, तर तिथं एक तरुण बाई चिखलानं माखलेल्या स्कूटरजवळ उभ्या होत्या. जनावरांच्या डॉक्टर. वरच्या वाडीतल्या लक्ष्मीअक्कांची म्हैस पहाटेपासून अडली होती. पहिलंच वेत, रेडकाचा पाय आत दुमडलेला, आणि यांची स्कूटर चढावर दोनदा घसरलेली. अक्कांच्या घरात जनावर म्हणाल तर तेवढं एकच.

"वेळेत पोचले नाही तर दोन्ही जीव जातील," त्या म्हणाल्या.

"माझ्या गाडीत बसा मॅडम, वर वाट बारकी हाय," सलीमभाई म्हणाले. आणि मी काय करावं? त्यांच्या आधी माझ्या गाडीचं दार उघडलं. म्हटलं, माझी ताकद दुप्पट आहे, दहा मिनिटांत पोचवतो! खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात म्हैस नव्हती, पैज होती.

अर्ध्या चढावर ते वळण आलं. एका बाजूला मातीची दरड, दुसऱ्या बाजूला खोल उतार, आणि वाट पार उलटी फिरून वर जाणारी. मी स्टेरिंग शेवटपर्यंत फिरवायला गेलो, तर रुंद टायर आत घासायला लागले. गाडी पुढे घेतली, मागे घेतली, परत पुढे... आणि ती वाटेतच आडवी होऊन बसली.

इंजिनात ताकद भरपूर होती हो, पण वळायला जागा नको? आणि मागून येणाऱ्या सलीमभाईंचीही वाट मी बंद करून ठेवली होती.

डॉक्टर मांडीवरची बॅग घट्ट धरून नुसत्या वर वाडीकडे बघत राहिल्या. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सलीमभाईंनी आधी आपली गाडी मागे घेतली आणि ते चालत माझ्याकडे आले. वाटलं, आता चार शिव्या बसणार. "पैज गेली खड्ड्यात. लो गिअर टाका, आणि मी सांगतो तसंच हळू सोडा मागं," एवढंच म्हणाले. मग चाकाजवळ उभं राहून, वीत वीत करत, त्यांनी मला खालच्या रुंद जागेपर्यंत उतरवलं. डॉक्टर त्यांच्या गाडीत बसल्या आणि ती जुनी गाडी एका दमात वळण घेऊन वर गेली.

मी पळतच मागून पोचलो. अक्का म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्याशी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होत्या. डॉक्टरांनी आत हात घालून पाय सरळ केला, दोरी बांधली. अक्कांचे यजमान, सलीमभाई आणि मी, तिघांनी प्रत्येक कळेबरोबर ती ओढली.

रेडकू बाहेर आलं... पण हलेना. डॉक्टरांनी नाक-तोंड पुसलं, छाती चोळली, नाकात गवताची काडी फिरवली... आणि ते शिंकलं! "पोरगी झाली, रेडी हाय!" अक्का ओरडल्या. मी तिथंच चिखलात बसून रडलो, लपवायचं काय त्यात.

तांबडा-पांढरा अर्थातच मी घातला. जेवताना सलीमभाई म्हणाले, "वढ्यात तुमचीच भारी हुती की! गाडीला नावं ठेवू नका, टायर चुकलं."

बुधवारी अक्कांचा फोन आला... खरवस खायला या. मी मुकाट्यानं सलीमभाईंच्या गाडीत बसून गेलो. त्या वळणावर आलो आणि बघतच राहिलो. दरड चांगली चार फूट आत कापलेली, ताजी लाल माती उघडी पडलेली, उताराच्या बाजूला दगड नीट रचलेले.

अक्का दारातच होत्या. "मोठी गाडी न्हाय व्हय आणलासा, पावणं? तुमच्यासाठनं वळाण फोडलंय की आम्ही!"

दोन दिवस नवरा-बायको आणि वाडीतल्या चौघांनी टिकाव मारला होता. का, तर मोठ्या गाडीवाला पाहुणा लाजून परत यायचाच नाही, असं अक्कांना वाटलं. आता दुधाची गाडीही वर येईल, त्या हसत म्हणाल्या. 

जुने टायर मी परत बसवलेत. कुठली गाडी भारी, यावर आमच्या ग्रुपवर अजून भांडणं चालू आहेत आणि मीही हिरिरीनं भांडतो... पण माझी गाडी त्या वाडीपर्यंत जाते ती अक्कांच्या टिकावामुळे, हे मला पक्कं ठाऊक आहे.