बिनड्रायव्हरची जीप

एस.टी.त बसले तरी मामंजींचा उजवा पाय ब्रेक दाबत असायचा. समोर म्हैस आडवी आली की एस.टी.च्या ड्रायव्हरआधी हे दाबणार, आणि गाडी थांबली की ती आपणच थांबवल्यासारखा मिशीवरून हात फिरवणार. मामंजी म्हणजे माझे सासरे. भवानीनगरला कारखान्यावर त्यांनी आयुष्यभर जीप चालवली, आणि रिटायर होऊन निरवांगीला घरी आले ते पायाची ही खोड घेऊनच. गावातल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांबद्दल त्यांचा एकच शेरा होता, "हाकत्यात नुसती, चालवत न्हाईत."

माझा भाऊ विलास पुण्याला असायचा. त्याला रिमोटवरच्या मॉडेल गाड्या जुळवायचा नाद. एका भाऊबीजेला तो हातभर लांबीची हिरवी जीप घेऊन आला. मामंजींनी ती उलटी करून खालून तपासली आणि नाक मुरडलं. "ड्रायव्हर बसत न्हाय, ती कसली जीप?" संध्याकाळी मात्र रिमोट त्यांच्याच हातात होता. त्याला दोन दांड्या होत्या, डावीने वेग आणि उजवीने वळण. जीप तीन वेळा तुळशीच्या कट्ट्यावर आदळली आणि दोष अर्थातच रिमोटचा निघाला. कासरे धरून हाकायला ही काय बैलं आहेत का, असं त्यांनी विलासला सुनावलं.

पुढच्या खेपेला विलासने खास त्यांच्यासाठी दुसरा रिमोट आणला. हा डाव्या हातात पिस्तुलासारखा धरायचा, बोटाने घोडा दाबला की वेग, आणि बाजूला उजव्या हातासाठी छोटंसं स्टिअरिंग. ते चाक पाहून म्हातारा असा खुलला की चहा गार झाल्याचंही भान राहिलं नाही. घोडा बोटाने दाबायचे, पण पाय खाली हलायचाच. जीप आपल्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं, म्हणून ते तिच्याकडे पाठ फिरवायचे आणि मान वळवून बघत चालवायचे. गाडीचं तोंड जिकडे, तिकडेच ड्रायव्हरचं, असं त्यांचं म्हणणं. येणारे-जाणारे हसायचे, हे तसेच मान वळवून चालवत राहायचे.

जीप थोडी डावीकडे ओढायची. चाकं सरळ करायला रिमोटवर एक बारीक बटण असतं. ते केसभर फिरवून, जीप सोडून, पुन्हा फिरवून त्यांनी अख्खी सकाळ घालवली. मी धुणं वाळत घालत होते. माझ्याशी कामापुरतंच बोलणारा तो माणूस आपणहून म्हणाला, "पोरी, ध्यानात ठिव. हात सोडला तरी गाडी सरळ गेली पायजे. न्हायतर ती ड्रायव्हरला दमवती."

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना खुर्चीत बसवा, कशात तरी मन रमवा. पण मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. बोलेनात, जेवेनात. नवा रिमोट उशाशी ठेवला तर तो त्यांनी चांगल्या हाताने लोटून दिला. घोडा दाबणाऱ्या डाव्या बोटात जीवच उरला नव्हता. हा माणूस असाच संपणार, असं मला वाटायला लागलं.

मी बूथवर जाऊन विलासला फोन लावला. तो म्हणाला, जुना रिमोट काढ. त्याची उजवी दांडी चारी बाजूंना हलते. जीपमध्ये रिमोटचे इशारे घेणारी डबी आहे, तिच्यात मोटारीची वायर दुसऱ्या खाचेत खोच, म्हणजे वेग आणि वळण दोन्ही त्या एकाच दांडीवर येतील. नव्या रिमोटमधलं क्रिस्टल तेवढं जुन्यात घाल, त्याशिवाय जीप त्याचं ऐकणार नाही. मी स्वयंपाकघरात बसून घाबरत घाबरत ते सगळं केलं, रिमोटला नाडी बांधली आणि मामंजींना ओसरीवर खुर्चीत बसवून तो त्यांच्या गळ्यात अडकवला. त्यांनी चांगल्या हाताने तो मांडीवर टेकवला. मग अंगठा दांडीवर गेला. जीप निघाली आणि डावीकडे वळून कणगीला धडकली.

मी म्हणाले, पुन्हा ओढायला लागली वाटतं. त्यांनी मान हलवली. जड जिभेने म्हणाले, "गाडी नीट हाय. माझा हात वढतुया."

थकलेला अंगठा आपल्याच वजनाने डावीकडे कलत होता. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या हातांना नावं ठेवली, त्याने हे मला सांगितलं. "मग हातापरमाणं लावू," मी म्हणाले आणि बटण उजवीकडे फिरवत गेले. जीप ओसरीवरून सरळ गेली. मामंजींनी मिशीवर हात नेला आणि दुपारी भाकरी मागून खाल्ली. पुढची दोन वर्षं ती जीप रोज त्यांचा रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची.

ते गेल्यावर विलास आला होता. त्याने जीप ओसरीवर सोडली आणि दांडी अगदी सरळ पुढे ढकलली. जीप उजवीकडे वळत गेली. हे बिघडलंय, म्हणत त्याने बटणाला हात घातला. मी रिमोट त्याच्याकडून काढून घेतला. म्हटलं, राहू दे. ती मामंजींच्या हाताला लावलेली आहे.