नारिंगी गाडी आणि माझं ‘जाऊ दे’

मस्कतमध्ये हिवाळा म्हणजे वर्षभर राहून गेलेलं सगळं उरकून घ्यायचे चार महिने. बाकीचं वर्ष आम्ही घरच्या एसीतून गाडीच्या एसीत आणि तिथून ऑफिसच्या एसीत, असे जगतो. नोव्हेंबर लागला की लोक चटया, शेगड्या, सायकली घेऊन बाहेर पडतात. आमच्या घरातून बाहेर पडायची ती एक नारिंगी रिमोटची गाडी. तिच्या मागे माझी तेरा वर्षांची लेक, लेकीच्या मागे तिचे बाबा, आणि सगळ्यात शेवटी पाण्याच्या बाटल्या, टॉवेल आणि काळजी सांभाळत मी.

काळजी हा माझा स्वभावच आहे, नाकारून काय उपयोग? मी चिपळूणकडची. पाणी घरात शिरताना आवाज करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे आभाळ भरून आलं की इथली माणसं आनंदाने फोटो काढत सुटतात आणि मी गच्चीचं दार लागलंय का बघून येते. त्यातून इथे कोरड्या नदीला वाडी म्हणतात. आमच्याकडे वाडी म्हणजे चार घरं आणि दोन फणस. इथल्या वाडीत वर्षभर दगडगोटे असतात, आणि दूर डोंगरात पाऊस पडला की इकडे लख्ख उन्हात लोंढा येतो. आल्या आल्या हे ऐकलं तेव्हापासून मी वाडी ओलांडतानाही मनात आकडे मोजते.

गाडीला खेळणं म्हणायचं नाही, असा बापलेकीचा दंडक होता. हातभर लांब, जाड टायरची, स्कूटरच्या वेगाने पळणारी ती वस्तू स्वयंपाकघरात चार्जिंगला लावली की मी तिथून हलायचे नाही, कारण तिची बॅटरी फुगते आणि पेट घेते असं कुठेतरी वाचलं होतं. नवरा हसायचा. लेक डोळे फिरवायची. पण त्या दोघांचं सगळं बोलणं त्या गाडीवरून चालायचं, हे मला दिसत होतं. माझ्या वाट्याला ‘हो’, ‘नको’ आणि ‘चार्जर कुठेय’ एवढंच येत होतं.

दोष भाषेचा, असं मी स्वतःला सांगायचे. शाळेत दिवसभर इंग्लिश, मैत्रिणींत इंग्लिश. घरी ती मराठीत वाक्य सुरू करायची आणि मध्येच शब्द सापडेनासा झाला की डोळे वर करून थांबायची. मला कुठला तेवढा धीर! अल् खुवैरमधलं ऑफिस सुटलेलं असायचं, कुकर लावायचा असायचा. ‘जाऊ दे, इंग्लिशमध्ये सांग,’ मी म्हणायचे. मग ती भराभर सांगून मोकळी व्हायची. पुढेपुढे तर नुसतं ‘जाऊ दे’ म्हटलं तरी पुरायचं.

त्या जानेवारीत नवऱ्याच्या प्लांटला देखभालीचा शटडाऊन लागला. तो सोहारला नोकरीला, शुक्रवारच्या सुट्टीसाठी दर गुरुवारी संध्याकाळी घरी येणारा. आता तीन आठवडे यायचं नाव नाही. फोनवर म्हणाला, ‘तीन शुक्रवार तुझ्यावर. तिला घेऊन जा, नाहीतर गाडी बसून खराब होईल.’ गाडी बसून खराब होते की नाही मला माहीत नाही. पण लेक घरात बसून खोलीचं दार लावून घेते, हे मला माहीत होतं.

पहिल्या शुक्रवारी आदल्या दिवशीच्या पावसाची डबकी होती. तिने गाडी नेमकी त्यांतूनच घातली. घरी आल्यावर मी म्हटलं, पुसून ठेवू. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी देवघरात चपला घालून शिरलेय. मग तिने जमिनीवर पेपर पसरले आणि मला कामाला लावलं. चाकं काढायची. टायरच्या आतल्या स्पंजात पाणी साठतं, ते दाबून दाबून काढायचं. बेअरिंगमध्ये अडकलेली ओली वाळू जुन्या टूथब्रशने झाडायची, मग माझा हेअर ड्रायर थंड हवेवर धरायचा, गरम नाही, आणि शेवटी तेलाचा एकेक थेंब.

‘आई, एवढं नाही. वन ड्रॉप.’

‘बरं बाई.’

‘आणि चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. नाहीतर ती... ती...’ ती थांबली.

‘जाऊ दे.’

‘नाहीतर शी रन्स अवे!’

अर्धा तास आम्ही दोघी मांडीला मांडी लावून बसलो होतो. तिच्या हाताला तेलाचा वास, माझ्याही. कित्येक महिन्यांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. मला त्या अर्ध्या तासाची चटकच लागली म्हणा ना. दुसऱ्या शुक्रवारी तर मीच आधी टूथब्रश काढून ठेवला.

तिसऱ्या शुक्रवारी हवामान खात्याचा इशारा होता. डोंगरात पाऊस, वाड्यांपासून दूर राहा. मस्कतवर मात्र नुसते ढग, मधूनमधून ऊन. लेक दारात गाडी घेऊन तयार. अल मवालेहच्या पलीकडे वाडीच्या काठावर तिची नेहमीची सपाट जागा होती.

‘काठावरच हं,’ मी म्हटलं. ‘खाली उतरायचं नाही.’

नाही म्हणायला हवं होतं. दुसरी कुणी आई असती आणि मी तिला पाहिलं असतं, तर तिला वेड्यात काढलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर खोलीचं दार लागलं असतं, आणि मला तो पेपर पसरलेला अर्धा तास हवा होता. म्हणून पाण्याला जन्मभर घाबरलेली मी त्या दिवशी हो म्हणाले. हे मी नवऱ्यालाही असं उघड सांगितलेलं नाही.

पाऊण तास सगळं ठीक चाललं. मी आमच्या मोठ्या गाडीला टेकून डोंगरांकडे बघत होते. ते पावसाआड दिसेनासे झाले होते. ‘आता पुरे,’ असं म्हणायला मी वळले, तेवढ्यात नारिंगी गाडी एका उंचवट्यावरून उडाली आणि खाली वाडीत जाऊन दोन दगडांत उलटी पडली. चाकं हवेत फिरत राहिली. मी काही बोलायच्या आत लेक उतार घसरत खाली पोचलीही होती.

मग मला आवाज आला. ट्रक रिव्हर्स घेताना खडी करकरते तसा, पण थांबत नव्हता. वळणावर काड्या दिसल्या, फेस दिसला, एक प्लॅस्टिकचा क्रेट दिसला. त्यांच्या मागे गढूळ पाणी, अजून घोट्याएवढंच, पण पसरत येणारं.

‘अगं, जाऊ दे!’ मी ओरडले. ‘जाऊ दे!’

तिने मागे वळून पाहिलं. अंगठा वर केला. आणि गाडीच्या दिशेने पुढे निघाली.

‘जाऊ दे! जाऊ दे म्हणते ना!’

ती पळायला लागली. पुढे. मी जेवढं मोठ्याने ओरडत होते तेवढी ती जोरात पुढे पळत होती. मी उतारावरून खाली जायला गेले आणि पाय घसरून बसले. तोंडात दुसरा शब्द येईना. माझी सगळी मराठी त्या दोन शब्दांत अडकून पडली होती.

वर रस्त्यावर एक पिकअप करकचून थांबली. म्हातारा ओमानी माणूस, डोक्याला मस्सर गुंडाळलेला, दार उघडं टाकून काठावर आला आणि एकदाच ओरडला, ‘खलास! यल्ला!’

खलास म्हणजे संपलं, बस्स; यल्ला म्हणजे चल, निघ. स्कूल बसचा ड्रायव्हर म्हणतो, कोपऱ्यावरच्या दुकानातला म्हणतो, ती रांगत होती तेव्हापासून तिने ऐकलंय. लेक जागच्या जागी थांबली, वळली, आणि आमच्याकडे धावत सुटली. शेवटच्या दहा पावलांत पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं, एक बूट गेला. म्हाताऱ्याने एक हात धरला, मी दुसरा. आम्ही वर आलो आणि वळून पाहिलं तेव्हा दगड दिसत नव्हते. नारिंगी रंग एकदा वर आला, मग नाही.

म्हातारा ‘अल्हम्दुलिल्ला’ म्हणाला. मग डोंगरांकडे बोट करून मला अरबीत झाडलं. एक शब्द कळला नाही, पण सगळं पटलं.

आमच्या गाडीत बसल्यावर मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, हीटर लावला. ओमानमध्ये हीटरचं बटण मी पहिल्यांदाच शोधलं. घाबरले की माझं तोंड सुटतं.

‘ऐकू येत नव्हतं का तुला? घसा फोडून जाऊ दे, जाऊ दे म्हणत होते ना मी!’

तिला खरंच कळत नव्हतं.

‘बट यू सेड गो ऑन.’

‘मी कधी म्हटलं गो ऑन?’

‘जाऊ दे. यू ऑल्वेज से इट. मी थांबते, मग तू जाऊ दे म्हणते, देन आय गो ऑन.’

हा अर्थ तिला कुणी शिकवला नव्हता. किती वर्षं, रोज, कुकरच्या शिट्टीच्या आत, तिने तो माझ्याकडूनच उचलला होता. ती शब्द शोधायला थांबायची, मी ‘सोडून दे’ म्हणायचे, आणि तिला ऐकू यायचं ‘चल पुढे’. तशीच ती आत्ता पाण्याकडे गेली होती, आईचं ऐकून. अनोळखी माणसाच्या एका अरबी शब्दाने ती मागे फिरली, आणि माझ्या भाषेने तिला पुढे ढकललं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सोहारहून फोन वाजायला लागला. वाजू दिला.

‘आई,’ ती म्हणाली. ‘मला...’

थांबली. डोळे वर गेले, नेहमीसारखे. माझ्या जिभेवर ते दोन शब्द आपसूक आले. मी ओठ घट्ट मिटले. फोन वाजून बंद झाला. खाली पाणी गरजत होतं, आणि मी कुठेही जायची घाई नसलेल्या बाईसारखी बसून राहिले.

‘मला खूप...’ ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. ‘मला खूप भीती आली.’

‘वाटली’ असं म्हणतात. मी सांगितलं नाही.

‘मला पण आली,’ मी म्हणाले.