मधली ओळ

जूनमध्ये शाळेत नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुटले, की कागदाचा आणि खळीचा वास वर्गभर पसरतो, आणि मला धुळ्याजवळच्या आमच्या गावातला दहावीचा वर्ग आठवतो. शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल.

पाचवीपासून आमचं इंग्रजी म्हणजे नुसता सूर होता. सर एक ओळ म्हणायचे, आम्ही ती ओरडायचो. पुष्पाचा आवाज खणखणीत, म्हणून पुढे पुढे धडा तीच सांगायची आणि वर्ग तिच्यामागे. गावात कौतुक होतं, पोरगी इंग्रजी फाडफाड बोलते.

दहावीला नवे सर आले. त्यांनी पुष्पाला उभं केलं आणि धड्याच्या मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. "इथून वाच."

पुष्पा त्या बोटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, वरथून म्हनू का? मधमातून माले नही येत."

कोणी हसलं नाही. आमच्यातल्या कोणालाच येत नव्हतं. सरांनी पुस्तक मिटलं.

पुष्पा दहावीला इंग्रजीत नापास झाली, आणि दिवाळीनंतर तिचं लग्न लावून दिलं. मी पाठ केलेल्या निबंधावर कशीबशी सुटले.

आता मी जळगावात इंग्रजीच शिकवते. माझ्या वर्गातही एक मुलगी खणखणीत म्हणते, बाकीचे तिच्यामागे. शाळा बघायला आलेले साहेब खूश होऊन जातात. मी पुस्तक घेऊन बाकांमधून फिरते, पण मधल्या ओळीवर बोट ठेवायचा मला धीर होत नाही.