सारवलेले घर

जिवंत माणसाच्या घरात बुटांसकट शिरणारा आणि सहस्रावधी वर्षांपूर्वी निवर्तलेल्यांच्या घरी मात्र अनवाणी जाणारा गृहस्थ माझ्या उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला. आमचे हे उत्खननवाले स्नेही डोळखांबकडच्या एका टेकाडावर तीन हिवाळे माती खरवडत होते. माणूस नुकताच पेरू लागला होता, त्या नवाश्मयुगातली वस्ती त्यांना तेथे सापडली होती. चिखलाच्या बुटांनी ते थेट माझ्या देवघराशी येत आणि संध्या चालू असतानाच पळी-पंचपात्रीशेजारी एखादे खापर ठेवून म्हणत, "गुरुजी, हुंगा. कुणाची तरी पेज करपली आहे."

खड्ड्याला खड्डा म्हटलेले त्यांना खपत नसे. ते 'घर' होते. उतरण्यापूर्वी काठावर बूट काढून ते "येऊ का?" असे विचारीत, आणि उत्तरासाठी क्षणभर थांबतही. माती उचलायला येणाऱ्या पाड्यावरच्या बाया आधी पदराआड हसत. "सायेब, म्हातारी हाय का घरात?"

"आहे. चूल पेटवते आहे."

पुढे बायाही विचारूनच उतरू लागल्या.

टेकाडाची माती रस्त्याच्या भरावासाठी न्यायचे ठरले होते. तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांचा नकाशांवर विश्वास नव्हता; खांबांचे खळगे, चूल आणि राख प्रत्यक्ष दिसली, तरच टेकाड वाचणार होते. आदल्या दिवशी मीच बायांना बजावले, "उद्या मोठे पाहुणे येणार. घराकडे लक्ष असू द्या."

सकाळी साहेबांसह पोचलो, तर जमीन शेणाने सुरेख सारवलेली, खळगे बुजवून चोपलेले, चुलीतली राख काढून टाकलेली, आणि वर तांदळाच्या पिठाची रांगोळी! बायांतली वडीलधारी उजळ चेहऱ्याने म्हणाली, "पावनं येनार, न् घर असं उघडंबोडकं? बरं दिसतं का, सायेब?"

तपासणीचे साहेब हसले आणि चहाही न घेता परतले. तीन हिवाळ्यांची तपश्चर्या एका सकाळच्या मायेने पुसली गेली होती, आणि त्या मायेमागे शब्द माझा होता. मला क्षमाही मागवेना.

"चुकलं काय आमचं?" तिने भीतभीत विचारले.

"नाही गं बाई," स्नेही म्हणाले, "किती काळाने कुणी तरी सारवलं." सारवण ओले होते, म्हणून त्या दिवशी ते खाली उतरले नाहीत.

आता तेथे टेकाड नाही, नुसती सपाट जागा आहे. परवा त्या बाजूने जाताना त्यांनी गाडी थांबवली, बूट काढले आणि हलकेच विचारले, "येऊ का?"

मीही वहाणा काढून, त्यांच्याशेजारी, उत्तरासाठी थांबलो.