काटकोनी पाठीची सुरी

आमच्या ऑफिसातली माणसं चाळिशी आली की शुगर तपासून घेतात. मी सुरी करून घेतली. जन्म कंग्राळीतल्या शेतकऱ्याच्या घरात आणि दिवस सगळा बेळगावात खुर्चीवर, त्यामुळे जेवताना मोबाईलवर जंगलात एकटे राहणारे गोरे लोक बघायचा नाद लागला होता. त्यांच्याकडे एकच सुरी असते. तिनं ते लाकूड फोडतात, आग पेटवतात आणि कुणाला काही विचारत नाहीत. यातलं शेवटचं मला फार आवडायचं.

मग मी कागदावर माझी सुरी काढली. पातं चार इंच, जाडजूड. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध, म्हणजे कितीही ठोकलं तरी मूठ निसटायची नाही. आणि पाठ अगदी काटकोनी, कारण तिच्या कडेवर एक खास कांडी घासली की ठिणग्या पडतात. कागद घेऊन हिंडलग्याच्या लोहारमामांकडे गेलो. विळे-खुरपी करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी कागद उलटा धरून बराच वेळ बघितला.

"ह्ये कशाला?"

"जंगलात न्यायला."

"जंगलात तुझं काय हाय?"

मी कागद सुलटा करून त्यांच्या हातात दिला. मामा म्हणाले, "पाठ गोल करतो. हाताला लागंल."

"नको मामा, काटकोनीच पायजे. ठिणगी पाडायची हाय."

"खिशात काडेपेटी मावत न्हाय व्हय?"

पण करून दिली. पातं लॉरीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं, मूठ आमच्याच तुटलेल्या कुदळीच्या बाभळीच्या दांड्याची. देखणी झाली होती, खोटं कशाला बोलू.

खरी गोष्ट अशी की माझा डोळा जंगलावर कमी आणि खंडेनवमीवर जास्त होता. त्या दिवशी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात सगळी अवजारं धुऊन ओळीनं मांडतात आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, पूजा करतात. नियम त्यांचाच: ज्यानं काम केलंय तेच ओळीत बसणार. बोथट विळा बसतो, कोरा टिकाव बसत नाही. लहानपणी मी विळ्यानं स्वतःचाच अंगठा कापून घेतला, तेव्हापासून घरात कुणी माझ्या हातात अवजार दिलं नाही. माझ्या स्कूटरला हार मिळतो, पण बाहेर अंगणात. त्या ओळीत आपलंही काहीतरी असावं, असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. या वयात हे वाटणं हास्यास्पद आहे, मलाही कळतं.

आप्पांनी सुरीची धार नखावर बघितली. "चांगली हाय. काय काम केलं हिनं?"

"अजून न्हाय."

"मग करू दे की. नवमीला चार दिस हाईत."

पहिल्या दिवशी लाकूड फोडायचं ठरवलं. घरात गॅस, त्यामुळे फोडायला लाकूडच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात नारळाच्या शेंडीवर अर्धा तास ठिणग्या पाडल्या. आप्पा पायरीवर काडेपेटी घेऊन बसले होते. शेवटी म्हणाले, "शेंडी वाळलेली हाय का बघितलंस का?" नारळ सकाळीच फोडलेला होता. तिसऱ्या दिवशी वैरण कापली. तासाभरात जेवढी झाली ती मी म्हशीपुढं टाकली. म्हशीनं आधी वैरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

नवमीच्या सकाळी सुरी गुपचूप कपाटात टाकावी म्हणून शोधायला गेलो, तर ती जागेवर नव्हती. परसात आई आमच्या शेतातल्या रताळ्यांची बुट्टी घेऊन बसली होती. नवरात्राचे तिचे उपवास. धारेला फडकं गुंडाळून ती सुरीच्या पाठीनं रताळ्याची साल खरवडत होती.

"तू हापिसाला गेलास की चार दिस हिनंच खरवडलीत," ती म्हणाली. "विळीनं साल लई जाडी निघती. हिची पाठ लई झ्याक हाय बघ."

"आई, ती पाठ आग पेटवायला हाय."

"आग हाय की गॅसला."

मला राग आला. ज्या काटकोनासाठी मी मामांशी भांडलो होतो, तो रताळ्यांच्या कामी आला होता. तेवढ्यात आप्पांनी अवजारं मागितली. आईनं सुरी धुतली, पदरानं पुसली आणि विळ्याशेजारी नेऊन ठेवली.

"हिनं काय केलं?" आप्पांनी विचारलं.

"रताळी खरवडली, पाठीनं. चार दिस."

आप्पांनी मान डोलावली. कुंकवाचं बोट घेऊन ते ओळीनं विळ्याच्या, कोयत्याच्या, खुरप्याच्या पात्याला लावत आले. सुरीपाशी थांबले, ती उचलून उलटी धरली आणि कुंकू पाठीला लावलं.

"काम केलं त्या बाजूला लावायचं," ते म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी खाली बघत राहिलो.

"हात जोड की रं," आप्पा म्हणाले. "तुझं अवजार हाय."