असशील तेथून निघून ये

पोपटाचा हेवा करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. घाटकोपरच्या भटवाडीत एक राहतो. यज्ञेश परब त्याचं नाव, वय शेहेचाळीस, पार्ल्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो. नमिताचा नवरा आणि अंजनाबाईंचा धाकटा मुलगा. पोपटाचं पुढे येईलच. आधी थोरल्याचं सांगायला हवं, कारण या घरात सगळं आधी थोरल्याचंच असतं.

थोरला म्हणजे अनिरुद्ध. दहावीचा निकाल लागला, पठ्ठ्या गणितात आपटला आणि संध्याकाळी घरी न येता पळून गेला. तेव्हा परब मंडळी चाळीतल्या एका खोलीत राहायची. वडील रामचंद्र गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन झाले होते. त्यांनी सगळी स्टेशनं पालथी घातली, नातेवाइकांची दारं ठोठावली आणि शेवटी शेजारच्या मास्तरांकडून मजकूर लिहून घेऊन पेपरात छोटी जाहिरात दिली. वर शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, खाली मजकूर:

‘प्रिय अनिरुद्ध, असशील तेथून निघून ये. तुला कोणी काही बोलणार नाही. आई अंथरुणाला खिळली आहे. – तुझे बाबा.’

आता आई काही अंथरुणाला खिळली नव्हती. ती चाळीच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, माझो झील दिसलो काय. बारा वर्षांच्या यज्ञेशने ही चूक बाबांच्या लक्षात आणून दिली आणि एक सणसणीत थोबाडीत खाल्ली. पळाला कोण आणि मार कोणाला. तिथून त्याचा जो जळफळाट सुरू झाला तो आजतागायत.

अनिरुद्ध आला. नाशिकला एका चहाच्या टपरीवर कोणीतरी फोटो ओळखला, आणि तो पेपर हातात घेऊनच घरी उगवला. अंजनाबाईंनी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. कोंबडी-वडे झाले. चाळीतली माणसं लग्नघरी यावीत तशी येऊन त्याला बघून गेली, आणि खरंच कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कधी नाही. ‘त्याला बोलू नका, जाईल परत,’ हा घराचा कायदाच झाला. पाणी भरायचं यज्ञेशने, रॉकेलच्या रांगेत यज्ञेशने, दळण यज्ञेशने. अनिरुद्धने फक्त घरात असायचं. एवढंच त्याचं काम, आणि त्याचंही कौतुक.

जाहिरातीचं कात्रण अंजनाबाईंनी देवघराच्या खणात ठेवलं. गणपतीत गावाहून कोणी आलं की ते बाहेर निघायचं. मोठी माणसं मोठ्याने वाचायची, बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि अनिरुद्ध लाजल्यासारखं करून गालात हसायचा. यज्ञेशच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्या कात्रणात बाबा होते, आई होती, अनिरुद्ध होता. घरात चौथा माणूस आहे हे पेपराला ठाऊकच नव्हतं.

मग त्याने ठरवलं, आपणही पळायचं.

पळायला कारण लागतं, तेही त्याने शोधून पाहिलं. सहामाहीत मुद्दाम भूगोलाचा पेपर अर्धा सोडला. पण त्याचे मार्क विचारतो कोण? शेवटी बिनकारणाचाच पळाला. दोन चड्ड्या आणि एक शर्ट पिशवीत कोंबला, बस पकडली आणि माहुलला गेला. माहुलहून रुक्मिणी नावाची कोळीण रोज भटवाडीत मासे घेऊन यायची. सगळ्या चाळीत उधारीवर मासे देणारी ती एकटीच, आणि अंजनाबाईंशी तिचं गूळपीठ. दारात हे ध्यान उभं बघून तिने विचारलं, “काय झायला रं?” यज्ञेश म्हणाला, “सुट्टी आहे. आईने पाठवलंय.” तिने पुढे काही विचारलं नाही. ताटात बोंबील वाढले.

माहुलला त्याचा दिवस सलूनमध्ये उजाडायचा. न्हावी दुकान उघडायच्या आधी हा फळीवर बसलेला असायचा, पेपर आला रे आला की झडप. पहिलं पान नाही, खेळाचं नाही, थेट छोट्या जाहिराती. त्या पानावर सगळी मुंबई कोणाला ना कोणाला तरी शोधत होती. विक्रोळीत शिवणकाम शिकवणारी बाई पाहिजे. अंधेरीत हार्मोनियम विकणे आहे, आवाज गोड. बोरिवलीत जागा भाड्याने, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य. मी लग्नापूर्वीची अमुक आता तमुक झाले आहे. रिक्षात काळी बॅग विसरली आहे, आतले कागद इतरांच्या उपयोगाचे नाहीत. आणि सगळ्यांत खाली, चौकटीत, फोटोसकट: ‘चेंबूर येथून पोपट हरवला आहे. उजव्या पायात तांब्याची कडी. राम राम म्हणतो. घरातील माणसे बेचैन आहेत.’

यज्ञेशने ते पुन्हा पुन्हा वाचलं. पोपटासाठी माणसं बेचैन आहेत. दुसऱ्या दिवशी पोपटाची जाहिरात परत आली. बॅगही परत आली. यज्ञेश नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी तर बोरिवलीच्या जागेने ‘शाकाहारी’ काढून टाकलं होतं, म्हणजे तिलाही कोणीतरी मिळावं म्हणून धडपड चालली होती, पण घाटकोपरहून हरवलेल्या एका मुलासाठी अवाक्षर नाही. त्या वयात जितकं रडता येतं तितकं तो रडला. मग पिशवी उचलून घरी आला.

अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, “इलंस? हात-पाय धू, जेवूक बस.” बाबा रात्रपाळी करून झोपले होते. अनिरुद्ध टेबलावर अभ्यास करत होता. हो, तोवर त्याला टेबल आलं होतं.

हे यज्ञेशने कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पण रविवारचा पेपर आला की आजही तो आधी छोट्या जाहिराती काढतो. आता ते पान अर्धं झालंय. नावबदल, हरवलेलं शेअर सर्टिफिकेट आणि बाकी मोबाइलचे नंबर. कोणी हरवलेल्याची जाहिरात दिसली की त्याचा चहा हातातच निवतो. ‘काय झालं?’ नमिता विचारते. ‘काही नाही,’ हा म्हणतो.

अनिरुद्ध शिकला, बंगळुरूला गेला, मोठ्या हुद्द्यावर चढला. बाबा गेले. चाळ पडली, तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर मिळालं. आईचा मोतीबिंदू, आईचा गुडघा, आईच्या गोळ्या, सगळं यज्ञेश आणि नमिताकडे. अनिरुद्ध वर्षातून दोनदा येतो आणि आला की अंजनाबाईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. मग गुडघा दुखत नाही, वडे स्वतः थापतात. यज्ञेश हे सगळं बघतो आणि आतल्या आत उकळतो.

परवा अंजनाबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. हॉल बुक केला यज्ञेशने, खुर्च्या लावल्या यज्ञेशने, केक आणला यज्ञेशने. अनिरुद्ध विमानाने आला, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. औक्षण झाल्यावर त्याने तो कागद सोडला. आत ती जाहिरात होती. कात्रणाचा फोटो काढून टीव्हीएवढी मोठी करून घेतलेली, सोनेरी चौकट, काच.

“ही जाहिरात नसती तर मी आज नसतो,” अनिरुद्ध माइकवर म्हणाला. हॉलभर टाळ्या. कोणीतरी मजकूर मोठ्याने वाचला. नमिताही रडली, आणि यज्ञेशला ते सगळ्यांत जास्त लागलं. घरची माणसंसुद्धा फितूर.

संध्याकाळी पाहुणे पांगले, जवळचे चार-पाच घरी चहाला आले. चौकट सोफ्याला टेकवून ठेवली होती. अनिरुद्ध पाय पसरून बसला होता.

“यज्ञा, लावून टाक ना रे आत्ताच,” तो म्हणाला. “ड्रिल आहे ना तुझ्याकडे?”

ड्रिल होतं. घरात असायला हवं ते सगळं यज्ञेशकडे होतं. तो स्टुलावर चढला, भोक पाडलं, खिळा बसवला. चौकट टांगली आणि खाली उतरून बघितलं तर सोळा वर्षांचा अनिरुद्ध भिंतीवरून सगळ्या घरावर नजर ठेवून होता. आता रोज सकाळी दात घासताना हेच बघायचं. यज्ञेशचा तोल सुटला.

“आई,” तो म्हणाला, “माझी का नाही दिलीस?”

“काय?”

“जाहिरात. मीसुद्धा पळालो होतो. माहुलला. रोज पेपर बघत होतो.”

नमिताच्या हातातला ट्रे तसाच राहिला. अंजनाबाईंनी चष्मा वर केला आणि धाकट्याकडे नीट पाहिलं.

“तू पळालं होतंस?” त्या म्हणाल्या. “अरे, रुक्मिणी दुसऱ्याच दिवशी टोपली घेऊन आली आणि म्हणाली, तुझा पोरगा माझ्याकडे आलाय, मजेत हाय. मी म्हटलां, रवूदे, मासे खाऊन येयत. माका वाटलां, तू सुट्टीक गेलंस.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. हसण्यासारखंच होतं ते, यज्ञेशलाही कळत होतं, पण त्याचा तिळपापड झाला. आयुष्यातलं एकमेव बंड, आणि त्याची नोंद सुट्टी म्हणून.

“म्हणजे तू मला शोधलंच नाहीस,” तो म्हणाला.

“तुका काय शोधायचां? तू खंय जातलंस?”

यापेक्षा तिने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. यज्ञेशने पायात चपला सरकवल्या. “चाललो मी,” तो म्हणाला, आणि आवाज त्याला हवा होता तसाच आला, कडक, परत न येणाऱ्या माणसाचा.

“येताना कोथिंबीर घेऊन ये,” अंजनाबाई म्हणाल्या.

तो जिन्याने उतरला. लिफ्टची वाट बघणं त्या रागाला शोभलं नसतं. रस्त्यावर आल्यावर प्रश्न पडला, जायचं कुठे. रुक्मिणी कधीच गेली. मित्र म्हणावे तर ते वर चहा पीत बसले होते. तो बाजाराच्या दिशेने चालत राहिला, मनात आईशी भांडत. तिथे भाजीवालीसमोर पाय आपोआप थांबले. त्याने एक जुडी उचलली, मुळं बघितली, परत ठेवली. आईला पिवळी पानं चालत नाहीत. तिसरी जुडी पसंत पडली. हे आपण काय करतोय हे लक्षात येईपर्यंत पैसे देऊन झाले होते.

मग तो हट्टाने तिथेच उभा राहिला. जायचंच नाही म्हटलं. रात्र झाली तरी नाही.

फोन वाजला. आई. त्याने वाजू दिला. छातीत काहीतरी गोड झालं. शोधू दे जरा. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. भाजीवाली बघायला लागली. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

“काय?”

“गावली काय कोथिंबीर?”

“मिळाली.”

“मग ये ना. खोळंबलंय मी.” मागे कपबशांचा आवाज होता, माणसं बोलत होती, आणि अंजनाबाई सगळ्यांसमोर, कोणाची भीडभाड न ठेवता, सांगत होत्या, “ह्यो अनिरुद्ध म्हणत होतो, मी आणतंय. मी म्हटलां, तू बस बाबा गप. तू गेलंस तर परत येशीत की नाय, कोणाक म्हायत.”

पलीकडे पुन्हा हशा पिकला. नमिताचा आवाज यज्ञेशने ओळखला, शेजाऱ्यांचा ओळखला, मावशीचा ओळखला. अनिरुद्ध हसत नव्हता. यज्ञेशने कान देऊन ऐकलं, पण तो खरंच हसत नव्हता. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, अगदी हळू, “आई, पस्तीस वर्षं होत आली आता.” अंजनाबाई त्याला काहीच बोलल्या नाहीत.

यज्ञेशला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

“येतो,” तो फोनमध्ये म्हणाला. “अजून काही आणायचंय?”