वजनं काढलेलं मशीन

आदिनाथने सत्कारासाठी स्वतःचा परिचय लिहून मागितला. "तू एम.ए. मराठी. 'वराळ्याचे युवा उद्योजक' एवढं आलं पायजे." मी लिहिलेला त्याने परत केला. पुढचं जोडून तोच इथे देतो.

आदिनाथने आजवर तीन धंद्यांची उद्घाटनं केली. धंदा एकही केला नाही. चौथा स्वेटर विणायच्या मशीनचा. मशीन आलं ते त्याच्या ताईच्या, रुपालीच्या पाटल्या मोडून. ती शेजारच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत दिवसभर उभी राहून पॅकिंग करायची. घरी येऊन ती मशीन शिकली. आदिनाथने व्हिजिटिंग कार्डं छापली.

लोणावळ्याच्या एका शाळेच्या मॅडम नमुन्याचा स्वेटर बघायला येणार होत्या. पसंत पडला तर सगळ्या शाळेचं काम रुपालीला. कंपनी सुटणार. अर्धा नमुना मशीनवर ठेवून ती बटणं आणायला तळेगावला गेली. आदिनाथने मला मोबाईल धरायला बोलावलं.

"तर मित्रांनो, ह्या सुया. प्रत्येकीला हुक, हुकाला झडप. वरचं हे कॅरेज सरकवलं की सुई पुढं येते, जुना टाका झडपेमागं जातो. हुक नवा धागा पकडतो. सुई मागं जाताना जुना टाका झडप मिटवून वरून निसटतो. झाली वीण!"

सगळं बरोबर होतं. पाठ केलं होतं.

मग त्याला कापडाला खाली टांगलेली लोखंडी वजनं दिसली. "भंगाराचं दुकान वाटतंय राव." त्याने ती काढली.

"कापड ओढून धरायला असतील ना ती?"

"साहित्यिक, तू मोबाईल सरळ धर."

ओढ गेली. टाके निसटेनात, सुयांवरच साचले. कॅरेज मध्येच अडलं. कुणीही हात काढला असता. आदिनाथने भिंतीला पाय लावून ढकललं. कडाकडा झडपा तुटल्या, सुया वाकल्या, नमुना मधोमध फाटला.

"एवढं एडिट कर," तो म्हणाला.

रुपाली दारात उभी होती. "आद्या, वजनं कुणी काढली?"

"ताई, प्रेझेंटेशन असतं."

"उद्या मॅडमला काय तुजं थोबाड दाखवू?"

"दाखव की. फोटोजेनिक हाय."

मॅडम आल्या, बघितलं, चहा न घेता गेल्या. शाळेने तयार स्वेटर मागवले. रुपालीची कंपनी सुटली नाही. आदिनाथ गावभर सांगत सुटला, "मॅडमला व्हिजन न्हाई."

तरी गावच्या मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. मशीन स्टेजवर न्यायचं होतं. रुपालीने कॅरेज काढून ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं.

"सुया मी आणनार, मीच बसवनार. तवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."

बिनकॅरेजचं मशीन टेम्पोतून गेलं. त्याला हार घातला. पाहुणे म्हणाले, "हे यंत्र म्हणजे वराळ्याची प्रगती!" टाळ्या झाल्या. यातलं काय गायब आहे, एकालाही कळलं नाही. आदिनाथ मोडक्या सुयांवर हात ठेवून फोटोला उभा राहिला.